श्वानाच्या पोटाला चोथा मानवतो का?

इंदूरसारख्या शहरात घरचा डॉक्टर हा केवळ माणसांचा डॉक्टर राहत नाही. आजोबांचा रक्तदाब आणि नातवाचा खोकला यांची विचारपूस आटोपली, की उंबरठ्यावरून हमखास एक प्रश्न येतो : “डॉक्टरसाहेब, आमच्या मोतीला दोन दिवस साफ होत नाही. इसबगोल द्यायला हरकत नाही ना?” विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलेच असते आणि आपणही मान डोलावून मोकळे होतो. या मान डोलावण्याविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

तंतुमय आहारावरील आपल्या श्रद्धेचे बरेचसे श्रेय डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाकडे जाते. लिंफोमामुळे आपणा सर्वांना परिचित असलेल्या या गृहस्थांनी आफ्रिकेतील अनुभवाच्या आधारे १९७० च्या दशकात चोथ्याचा जोरदार पुरस्कार केला. आपल्या माळव्याला तर हे नवीन नव्हतेच. इसबगोलाचे पीक नीमच-मंदसोरच्या शेतांतलेच. या फारसी नावाचा अर्थ ‘घोड्याचा कान’, तो बीजाच्या आकारावरून. घोड्याच्या नावाचे हे औषध माणसाच्या पोटातून आता कुत्र्याच्या पोटात जाऊ पाहत आहे, हा गमतीचा भाग. परंतु बर्किट यांची मांडणी माणसांविषयी होती, श्वानांविषयी नव्हे, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या टोकाला, कुत्रा म्हणजे पाळलेला लांडगा, त्याला मांसाखेरीज काही घालूच नये, असे सांगणारेही भेटतात. तेही तितकेसे खरे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात असे आढळले, की स्वादुपिंडातील अमायलेज घडविणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. आपल्या पोळी-भाताच्या सहवासात हा प्राणी पिष्ट पचवू लागला आहे. मात्र पिष्ट वेगळे आणि चोथा वेगळा. चोथा पचविणारे विकर ना माणसाजवळ आहे, ना कुत्र्याजवळ. ते काम मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे. त्यातून निर्माण होणारे ब्यूटिरेट आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. पण कुत्र्याचे मोठे आतडे आखूड आणि अंधांत्र लहान, म्हणून गाई-घोड्यांना होतो तसा लाभ त्याला होत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये श्वानांच्या पोषक घटकांच्या गरजा निश्चित केल्या, त्यांत चोथ्याची किमान गरज दिलेली नाही. सारांश, निरोगी कुत्र्याला चोथा अत्यावश्यक नाही. काही आजारी कुत्र्यांना मात्र तो खचित उपयोगी पडतो. माझ्या मते सारा वाद या दोन वाक्यांतील फरक न ओळखल्यामुळे होतो.

उपयोग कोठे होतो, तेही पाहू. मोठ्या आतड्याच्या जुनाट अतिसारात कुत्रा वारंवार, थोडे थोडे, शेंबयुक्त मलविसर्जन करतो व कुंथतो. कारण सापडत नसलेल्या अशा ३७ कुत्र्यांचा आढावा २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सुपाच्य आहाराला इसबगोलाची जोड दिल्यावर त्यांतील बहुसंख्य सुधारले. स्थूल कुत्र्याच्या आहारात चोथा वाढविल्यास उष्मांक घटतात. इन्सुलिनवर असलेल्या काही मधुमेही कुत्र्यांत रक्तशर्करेचे चढउतारही कमी होतात.

आता दुसरी बाजू. वाढीच्या वयातील पिल्लू, कृश कुत्रा, पिलांना पाजणारी कुत्री यांना थोड्या अन्नात अधिक ऊर्जा हवी असते. त्यांना कोंडा चारणे म्हणजे पोट भरून उपाशी ठेवणे होय. पुरेसे पाणी नसेल, तर इसबगोल स्वतःच आतड्यात अडून बसते. हाडाच्या चुऱ्याने मळाचा दगड झाला असेल, वा वृद्ध नराची प्रोस्टेट ग्रंथी सुजून मार्ग दाबत असेल, तर चोथ्याने अडथळा वाढतो. लस न टोचलेल्या पिल्लाला ओकाऱ्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील, तर तो पार्व्हो विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेथे घरगुती उपचारात घालविलेला दिवस प्राणावर बेततो. आणि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे कुंथणे. मालकाला वाटते बद्धकोष्ठ. प्रत्यक्षात खड्यामुळे मूत्रमार्ग बंद झालेला असतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत तेव्हा होते, आणि मुका जीव तक्रारही करू शकत नाही.

स्वयंपाकघरातील सद्भावनाही तपासून घ्यावी. उकडलेला लाल भोपळा बिनमिठाचा, बिनफोडणीचा द्यावा. कांदा-लसूण घातलेली भाजी नव्हे, कारण कांद्याने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. मनुका पोट साफ करतात म्हणून भरवू नयेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. इसबगोल साधेच घ्यावे. साखरविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत झायलिटॉल असू शकते आणि ते कुत्र्याला विषवत आहे.

मग आपण काय करावे? माझे मत असे, की आपल्या पदवीने आपल्याला कुत्र्यावर औषधोपचार करण्याचा अधिकार दिलेला नाही, पण चार नेमके प्रश्न विचारण्याची शिस्त जरूर दिली आहे. लघवी होते का? ओकारी आहे का? रक्त पडते का? खाणेपिणे सुटले का? यांपैकी एकाही उत्तराने शंका आली, तर डब्यातील चमचा खाली ठेवून पशुवैद्याकडे पाठवावे. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून दूर नाही, शहरातही जाणकार पशुवैद्य आहेत. हृदयविकाराचा रुग्ण आपण अस्थितज्ज्ञाच्या हाती सोपवत नाही. तीच विवेकबुद्धी घरातल्या या चतुष्पाद सदस्याबाबतही ठेवावी. चोथा हे औषध आहे, आणि निदानाआधी औषध देऊ नये हे आपण सारेच शिकलो आहोत. ते चार पायांच्या रुग्णालाही लागू आहे, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.