पोचा काढा, रंग काढू नका

पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार आपटतं, दुचाकीचं हँडल घासून जातं, सोसायटीत मुलांचा चेंडू बॉनेटवर बसतो. पत्र्याला नाण्याएवढा पोचा पडतो, रंगाला मात्र तडाही गेलेला नसतो. अशी गाडी सर्व्हिस सेंटरला न्या. ॲडव्हायझर दारावरून हात फिरवतो आणि सांगतो, "सर, पूर्ण पॅनल पेंटला जाईल." याला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही. पोचा पत्र्याला पडलेला असतो, रंगाला नाही. जे बिघडलेलंच नाही ते घासून काढायचं आणि परत लावण्याचे पैसे घ्यायचे, हा सरळसरळ नासधुशीचा धंदा आहे. आपल्याकडे तो इतका रुळला आहे की गाडीचे मालकही त्याला रीत समजतात.

त्या दारावरून काय घासलं जातं ते समजून घ्या. कारखान्यात सीट, काचा, वायरिंग काहीही बसवण्याआधी गाडीचा नुसता सांगाडा रसायनांच्या टाक्यांत बुडवतात. मग विजेच्या प्रवाहाने त्यावर प्रायमरचा थर चढवतात, त्याला ई-कोट म्हणतात. बॉडी अख्खी टाकीत बुडत असल्याने हा थर दाराच्या पोकळीत, सांध्यांत, जिथे कुठलीही स्प्रे गन पोहोचू शकत नाही अशा जागीही जातो. गंज रोखण्याचा मुख्य भार त्याच्यावर असतो. तो साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्का करतात. त्यावर सरफेसर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट येतो. हे वरचे थरही १४० अंशांच्या आसपास भाजले जातात. सगळे थर मिळून जाडी भरते १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा.

यातलं गॅरेजमध्ये काय परत करता येतं? ई-कोट तर नाहीच. तयार गाडी कोणी टाकीत बुडवत नाही. १४० अंशांची भट्टीही नाही, कारण आता गाडीत वायरिंग आहे, रबर आहे, फोम आहे, प्लॅस्टिक आहे. म्हणून उत्तम सोयीच्या पेंट बूथमध्येही हार्डनर मिसळलेला रंग ६० अंशांच्या आसपास सुकवतात. चांगला पेंटर त्यावर डोळ्यांना सुखावणारं काम करतो, त्याच्या हाताला मी नावं ठेवत नाही. पण तो लावतो ते वेगळं आवरण असतं, आणि पत्रा उघडा पडला असेल तर त्याच्याखालचा कारखान्यातला थर कायमचा गेलेला असतो.

त्याआधीचं डेंटिंग तर आणखी वाईट. ग्राइंडरने पोच्यावरचा रंग पत्र्यापर्यंत घासतात, वॉशर वेल्ड करतात, ते ओढून पत्रा बाहेर काढतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या बाजूचा ई-कोटही जळतो. तिथे कुणी पाहत नाही, बहुतेक ठिकाणी कुणी काही लावतही नाही. मुंबईच्या दमट हवेत, रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात, गोव्याच्या पावसात अशा जागी आतून गंज धरतो. वर दिसेपर्यंत पत्रा पोखरलेला असतो. बाहेरून पुट्टी भरून, पॉलिश करून गाडी चकाचक हातात मिळते, म्हणून मालक खूश.

रंग मेटॅलिक किंवा पर्ल असेल तर नुकसान एका दारावर थांबत नाही. त्यातले चमकते कण गनचा दाब, अंतर आणि रंगाचा पातळपणा यांप्रमाणे वेगवेगळे बसतात. जुन्याशी छटा तंतोतंत जुळणं अवघड, म्हणून पेंटर नवा रंग शेजारच्या पॅनलवर विरत नेतो आणि त्याच्यावरही क्लिअर मारतो. एका नाण्याएवढ्या पोच्यापायी दोन पॅनलचा मूळ पृष्ठभाग गेला. उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा जाडी मोजायचं यंत्र दारावर टेकवतो. आकडा दुप्पट-तिप्पट आला, पुट्टी असेल तर त्याहूनही वर गेला, की त्याचा पहिला प्रश्न असतो: अपघात कधी झाला होता?

आणि हे सगळं टाळता येत होतं. रंगाला हात न लावता पोचा काढण्याचं कसब अस्तित्वात आहे. त्याला पेंटलेस डेंट रिपेअर, थोडक्यात पीडीआर म्हणतात. दाराचं आतलं ट्रिम काढून, काचेच्या फटीतून किंवा टेललाइटच्या खाचेतून लांब पोलादी रॉड आत घालतात. बाहेर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा लावतात. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पोच्याजवळ वाकडं दिसतं, आणि रॉडचं टोक नेमकं कुठे टेकलं आहे हे कारागीर त्या वाकडेपणावरून ओळखतो. मग एका वेळी अगदी थोडं, शेकडो वेळा दाबत पत्रा त्याच्या मूळ वळणावर आणतो. पोच्याभोवती उठलेले उंचवटे प्लॅस्टिकच्या टोकाने हलके ठोकून बसवतो. आतून वाट नसेल तिथे बाहेरून गरम गोंदाने टॅब चिकटवून ओढतो. एक दाब जास्त झाला तर पत्र्यावर फोड येतो, पत्रा ताणला जातो. पुण्यात कसबा पेठेच्या तांबट आळीत तांब्याचं भांडं मठारताना धातू हाताखाली कसा सरकतो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या कामाची इयत्ता सांगावी लागणार नाही.

युरोप-अमेरिकेत हे काम विमा कंपन्यांच्या रोजच्या व्यवहारात आहे, कारण तिथल्या गारपिटीने त्यांना शहाणं केलं. १२ जुलै १९८४ ला म्युनिकवर गारा कोसळल्या तेव्हा सुमारे २ लाख गाड्यांचं नुकसान झालं. छतावर, बॉनेटवर शेकडो पोचे पडलेली प्रत्येक गाडी घासून रंगवत बसणं परवडणारं नसतं. आज तिथे गारपीट झाली की पोचे काढणारे कारागीर त्या भागात पोहोचतात, आणि विमा कंपन्या त्यांच्या कामाचे पैसे देतात.

मग आपल्याकडे ॲडव्हायझरच्या तोंडून हा पर्याय का निघत नाही? माझं उत्तर स्पष्ट आहे: रंगाचं बिल होतं, हाताच्या कसबाचं होत नाही. पॅनलचा दर ठरलेला आहे. त्यात मटेरियल आहे, मजुरी आहे, बूथ आहे. पेंटर एक गेला तर दुसरा मिळतो. पीडीआर एका माणसाच्या हातात आणि डोळ्यांत असतं, ते यायला वर्षं लागतात, आणि काम संपल्यावर दाखवायला नवं काहीच नसतं. पोचा नाहीसा झालेला असतो, एवढंच. काही वर्कशॉप पीडीआरवाल्याला बोलावतात हेही मला माहीत आहे. पण ग्राहकाने नाव घेतल्याशिवाय तेही सांगत नाहीत. माहीत असून न सांगणं ही माझ्या लेखी फसवणूक आहे.

ग्राहकाला गप्प करणारं वाक्य ठरलेलं आहे. मलाही ते ऐकवलं गेलं: "क्लेम करून टाका, तुमच्या खिशातून हजारच जातील." हे हजार म्हणजे १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सोसावी लागणारी सक्तीची रक्कम, त्यावरच्या गाडीला ती २००० आहे. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा संरक्षण, नसेल तर रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसाराही कापतात. पण खरा फटका नो क्लेम बोनसला बसतो. क्लेमशिवायच्या पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के असा चढतो, आणि त्याला वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर एका क्लेमने शून्यावर येतो. समजा स्वतःच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम १०,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला आहे. तुम्ही ५,००० भरता. क्लेम केलात की पुढची पाच नूतनीकरणं अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० ची होतात. मूळ प्रीमियम तोच राहिला असं धरलं तर ज्यादा गेले १२,५०० रुपये. चार हजारांचं पॅनल हजारात रंगवून मिळालं म्हणून समाधानाने घरी येणाऱ्या माणसाला हा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही.

यातली आणखी एक किंमत गाडीचा मालक मोजतच नाही. रंगात मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ती श्वासातून गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येऊ शकतो. त्यांच्यापासून बचाव करायला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आपल्या गॅरेजांमध्ये पेंटरच्या नाकाला रुमाल असतो. गरज असेल तिथेही हा धोका नीट साधनांशिवाय पत्करायला लावणं गैर आहे. गरजच नसताना, नाण्याएवढ्या पोच्यासाठी कुणाच्या फुप्फुसात ते घालणं अक्षम्य आहे.

पीडीआरने सगळं होतं असं कोणी सांगत असेल तर तोही खोटं बोलतो. रंग तडकला असेल, पत्र्याला धारदार घडी पडली असेल, पोचा पॅनलच्या अगदी कडेवर किंवा दुहेरी पत्र्यावर असेल, खाली आधीचीच पुट्टी असेल, तर हा मार्ग बहुधा बंद. प्लॅस्टिकच्या बंपरचा विषयच वेगळा. खरा कारागीर गाडी बघून "हे माझ्याकडून होणार नाही" असं सांगतो. खोटा माणूस वाट सापडत नाही म्हणून दाराच्या चौकटीला ड्रिलने भोक पाडतो आणि गंजाला स्वतःच दार उघडून देतो. उकळतं पाणी नाहीतर हेअर ड्रायर आणि बर्फ यांचे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करणाऱ्यांनीही थांबावं. पत्रा बिघडला की चांगल्या कारागिराचं कामही अवघड होतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एस्टिमेटमध्ये बदलणं, डेंटिंग, पेंटिंग यांच्या जोडीला पीडीआरचा स्वतंत्र रकाना असावा, आणि रंग शाबूत असताना तो रिकामा ठेवला तर कारण लेखी द्यावं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने रंगाला मंजुरी देण्याआधी तो रकाना पाहावा. आयटीआयमध्ये बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंग शिकवतात, तिथे हे कसबही शिकवावं. पत्र्याची जाण असलेल्या मुलांना त्यात सन्मानाची रोजी मिळेल. आणि मालकांनो, तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. पॅनल रंगवायला तुमची जॉबकार्डवर सही लागते. तिच्याशिवाय ग्राइंडर चालत नाही. रंग फुटलेला नसेल तर ती सही करू नका.