उन्हाचा हिशेब

चैत्र-वैशाख आला की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, ऊन काय आजचे आहे? आम्ही नाही का पन्ह्यावर आणि वाळ्याच्या पडद्यांवर उन्हाळे काढले? त्यावर कॉलेजात जाणारी नात उत्तर देते, "आजोबा, प्रश्न उन्हाचा नाही, न्यायाचा आहे." 'हवामान-न्याय' हा शब्द ऐकला की पुष्कळांना तो मोर्चातला, घोषणेचा शब्द वाटतो. आम्हांस मात्र तो शांतपणे समजून घेण्याजोगा वाटतो.

मुलांचे म्हणणे थोडक्यात असे, की धूर एकाने करावा आणि डोळे दुसऱ्याचे चुरचुरावेत, हे योग्य नव्हे. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू हवेत सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. आपल्या देशातही बंगल्यातल्या माणसाचा वाटा पत्र्याच्या खोलीतल्या माणसाहून कितीतरी मोठा. पण तापते ती पत्र्याचीच खोली. या भावनेतूनच २०१९ साली वानुआटू येथे कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या, पॅसिफिक बेटांवरच्या २७ विद्यार्थ्यांनी हा प्रश्न जागतिक न्यायासनापुढे नेण्याचा ध्यास घेतला. अखेर २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्यापूर्वी २०२४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही, माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला.

हे सारे स्वागतार्हच. परंतु न्याय मागायचा तर पुरावा हवा, आणि उन्हाचा पुरावा ठेवणे सोपे नाही. उन्हाने माणूस दगावला तरी दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा जुने दुखणे लिहिले जाते. ऊन नामानिराळे राहते. आम्हां बडोदेकरांना अहमदाबाद काही दूर नाही. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला होता. पुढे अभ्यासकांनी त्या महिन्यातले मृत्यू इतर वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक भरले. ही माणसे उन्हाने गेली हे त्या ताळेबंदावाचून कोणाला कळले असते?

त्याच शहरातल्या एका रुग्णालयाची हकीकत याहून बोलकी आहे. तेथील प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. नवजात अर्भकाला स्वतःचे अंग थंड राखता येत नाही, आणि तहान लागली हे सांगताही येत नाही. तेथील नोंदी तपासता असे दिसले, की पारा ४२ अंशांच्या वर गेला की दर अंशागणिक उन्हाने आजारी पडून अतिदक्षता विभागात येणाऱ्या अर्भकांची संख्या सुमारे ४३ टक्क्यांनी वाढते. तो कक्ष खालच्या मजल्यावर हलविल्यावर हा धोका ६४ टक्क्यांनी उतरला. ना मोठे यंत्र, ना मोठा खर्च. कोणत्या खाटेवरचे मूल तापते याची नोंद होती, म्हणून हे साधले.

अशा नोंदी ठेवणारे हात बहुतेक परिचारिकेचे असतात. डॉक्टर फेरीला येतात आणि जातात. सिस्टर मात्र आठ-आठ तास खाटेजवळ असते. रोग्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग भट्टीसारखे तापले, हे प्रथम तिलाच दिसते. उष्माघातात ताप ४० अंशांच्या वर जातो, आणि त्या घटकेला पाण्याने अंग गार करण्यात झालेला उशीर प्राणावर बेततो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा कंदील सर्वांना ठाऊक आहे. त्यांची वही फारशी कोणाला ठाऊक नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेतून येणाऱ्या रोगांनीच अधिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आकडे आणि आकृत्या मांडून सरकारच्या गळी उतरविले. सेवा आणि हिशेब या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्याच नाहीत.

अहमदाबादने २०१३ साली उष्णतेशी मुकाबला करण्याची योजना आखली. उन्हाच्या इशाऱ्यांना रंग दिले, दवाखान्यांतल्या लोकांना शिक्षण दिले, वस्त्यांतून आरोग्यसेविका फिरविल्या. त्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० प्राण वाचले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वस्तीतल्या म्हातारीच्या हाती जलसंजीवनीची पुडी ठेवणारी सेविका स्वतः मात्र त्याच उन्हातून चालत आलेली असते, आणि तिच्याही घरावर कित्येकदा पत्राच असतो. तिची तहान, तिची विश्रांती, आणि योजना ठरविणाऱ्या बैठकीत तिच्यासाठी एक खुर्ची, हाही हवामान-न्यायाचाच भाग होय.

तेव्हा आमच्या तरुण वाचकांना आमचे सांगणे एवढेच, की न्यायालयाची पायरी जरूर चढा, पण जाताना रुग्णालयाच्या कक्षात डोकावून जा. तुमच्या बाजूचे सर्वांत भक्कम साक्षीदार तेथे पांढऱ्या वेषात उभे आहेत. आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. मुलगी डॉक्टर होणार म्हटले की आपल्या मराठी घरांत पेढे वाटले जातात. नर्स होणार म्हटले की आवाज खाली येतो, स्थळांची चिंता सुरू होते. यंदा एखाद्या घरात नात असे म्हणालीच, तर तिला अडवू नका. पेढे त्याही दिवशी वाटा.