एकच पद, दोन चाली

परवा आमच्या आसनगावच्या घरात चांगलाच वाद झाला. लेकीला स्नेहसंमेलनात ‘घेई छंद मकरंद’ म्हणायचंय, तेही २०१५च्या सिनेमातल्या राहुल देशपांड्यांसारखं. मी म्हटलं, “ऐकावं तर वसंतरावांचंच!” पोरगी रुसली, पेटी मिटून उठलीच.

रात्री ओटा आवरताना आठवलं. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात अभिषेकीबुवांनीच या पदाला दोन चाली दिल्या होत्या. प्रसाद सावकारांची धानीतली, गोड नि सरळ. वसंतरावांची सालगवराळीतली, तानांनी अंगावर येणारी. दोन घराण्यांचा झगडाच तो! मग खरी चाल कोणती, हे ठरवणारी मी कोण? राहुल तर वसंतरावांचेच नातू.

मला स्वतःला (सासूबाईंना सांगू नका हं!) सावकारांचीच जास्त आवडते. कुकर लावता लावता गुणगुणता येते. वसंतरावांच्या ताना घ्यायला गेले, तर भात करपायचा!

सकाळी ह्यांची लोकल गेल्यावर लेकीला तिन्ही ऐकवली. ती गप्प. मग म्हणाली, “आई, धानीतली तू म्हणून दाखव ना.”

लग्नानंतर मी पेटीला फडक्यापलीकडे हात लावला नव्हता. भाता फाटलेला निघाला, पण सूर लागले.