एकट्याने स्टेज भरायचे म्हणजे



हल्ली तरणी पोरं हातात माईक घेऊन एकटीच उभी राहतात आणि तासभर लोकांना हसवतात. त्याला 'स्टँड-अप' म्हणतात. "नुसता आरडाओरडा नि उड्या," असे आपल्यातली जुनी मंडळी म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

कै. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. मराठवाड्यातलं वऱ्हाड लग्नाला विमानाने लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. पण माणूस एकटा, पात्रं ५२, आणि वेळ जवळजवळ तीन तास! आता म्हातारी, तर पुढच्या क्षणी तोच गडी तरणा. त्या धावपळीत एकही हालचाल फुकट नसे. प्रत्येकीमागे एक माणूस असे, अन् तो आपल्याच पारावरचा वाटे. देशपांडे २००९ साली गेले. पुढे संदीप पाठक यांनी हा प्रयोग उभा केला.

नव्या पोरांत दम आहे, यात वाद नाही. स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवतात. पण भारंभार पाणी दिले म्हणून उसाचा उतारा वाढत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मधे थांबताही आलं पाहिजे.

ते येतं लोकांपुढे उभं राहूनच. म्हणून माझे म्हणणे, यंदा मोळी टाकण्याच्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या जोडीला अशा एखाद्या पोराला अर्धा तास द्यावा. पडला तर पडला. फक्त त्याला भाषणांच्या आधी उभे करा. नंतर माणसं जेवणाकडे पळालेली असतात.