वाडीची किंमत आठ पट का?

कोकण किनाऱ्यावरच्या चौल-रेवदंड्याच्या वाडीत उत्पन्न थराथरांनी येते. वर माड, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल. अशी वाडी बाजारात क्वचितच येते. वाटणीपत्रांतून ती घरातच फिरते. रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी सरकारने ती घ्यायची ठरवली, की पहिला प्रश्न हाच पडतो: हिची किंमत ठरवायची कशावरून?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मुद्रांक शुल्कासाठी ठरलेला दर आणि आसपासच्या जमिनींच्या आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी यांतला मोठा आकडा प्रामुख्याने पाहिला जातो. झाडांचे मूल्यांकन जाणकारांकडून करून घेता येते आणि एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. पण खरेदीखतेच मोजकी असतील, तर त्यांची सरासरी वाडीविषयी फारसे काही सांगत नाही.

बागायतीसाठी न्यायालयांनी दुसरी वाटही वापरली आहे: खर्च वजा जाता वर्षाला हाती उरणारे उत्पन्न घ्यायचे आणि त्याला ठरावीक वर्षांनी गुणायचे. अर्थशास्त्रात याला उत्पन्नाचे भांडवलीकरण म्हणतात. १८९४ च्या जुन्या कायद्याखालील ‘हरियाणा सरकार विरुद्ध गुरचरण सिंग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले, की फळझाडांसाठी हा गुणक आठपेक्षा जास्त नसावा. जमीन आणि झाडे यांची किंमत वेगवेगळी धरून बेरीज करू नये, असेही त्यात आहे. ते रास्तच होते, कारण उत्पन्न दोन्ही मिळून देतात.

गुणकाच्या पोटात मात्र एक व्याजदर दडलेला असतो. वाडीचे निव्वळ उत्पन्न वर्षाला एक लाख असेल, तर आठ पटीने आठ लाख मिळतात. तेवढ्या रकमेतून पुन्हा लाखाचे उत्पन्न हवे असेल, तर साडेबारा टक्के व्याज लागेल. ठेवीवर साडेसहा टक्के मिळाले, तर हाती येतात बावन्न हजार. शिवाय सुपारी-नारळाचे भाव काळाबरोबर चढतात, ठेवीचे व्याज तिथेच राहते.

उलट बाजूही खरी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावर माड-पोफळी आडव्या झाल्या, आणि नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षे तरी जातात. धोका मोठा असेल, तर गुणक कमी धरण्याला अर्थ आहे.

म्हणून आमचा आक्षेप आठ या आकड्यापेक्षा सरसकट मर्यादेला आहे. पंजाब-हरियाणाच्या बागेला आणि कोकणातल्या वाडीला जोखीम सारखी नसते, झाडांचे आयुष्यही सारखे नसते. न्यायाधीशांनी गुणकासोबत त्यामागचा व्याजदर आणि तो धरण्याचे कारण निकालपत्रात लिहिले, तर वाडीवाल्याच्या वकिलाला अपिलात नेमके त्यावर बोट ठेवता येईल.