नात्याची नोंदणी म्हणजे संमती नव्हे

जयपूरच्या सी-स्कीम परिसरातील राजस्थान उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २९ जानेवारी २०२५ रोजी ‘लिव्ह-इन’ नात्यांबाबत एक महत्त्वाचा आदेश दिला. कुटुंबीयांकडून धोका असल्याने संरक्षण मिळावे, अशी मागणी करणाऱ्या जोडप्यांच्या याचिका न्यायालयापुढे होत्या. स्वतंत्र कायदा होईपर्यंत अशा नात्यांची नोंदणी सक्षम प्राधिकरणाकडे करावी आणि मुलांचे संगोपन, शिक्षण व न कमावत्या स्त्रीचा निर्वाह यांची जबाबदारी आधीच निश्चित करावी, असे न्यायालयाने सुचविले. त्याच्या दोनच दिवस आधी, २७ जानेवारीला, उत्तराखंडमध्ये समान नागरी संहिता लागू झाली होती. तीत ‘लिव्ह-इन’ नात्याची नोंदणी बंधनकारक करण्यात आली.

निर्वाह आणि मुले हे प्रश्न गंभीर आहेत, यात शंका नाही. मात्र या चर्चेत एक मूलभूत मुद्दा मागे पडला. नाते नोंदवता येते. त्या नात्यातील संमती नोंदवून ठेवता येत नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने द्यावी लागते आणि केव्हाही मागे घेता येते. भारतीय कायद्याला हे मान्य करायला अनेक दशके लागली आणि त्या वाटचालीत महाराष्ट्र व राजस्थान या दोन्ही राज्यांचा वाटा मोठा आहे.

देसाईगंज ते भटेरी

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरविले. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नव्हते, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. हेच ‘मथुरा प्रकरण’.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक असतो, हा त्या पत्राचा गाभा होता. पुढे देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली.

१९९२ मध्ये जयपूरजवळच्या भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या ‘साथिन’ कार्यकर्तीने सामूहिक बलात्काराची तक्रार केली. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. परंतु या घटनेतून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ‘नकोसे’ वर्तन म्हणजे छळ, अशी व्याख्या त्यात झाली. करणाऱ्याचा हेतू काय होता, यापेक्षा समोरच्या व्यक्तीला ते नको होते, ही गोष्ट मध्यवर्ती ठरली.

कायदा आज काय सांगतो?

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये संमतीची व्याख्या कायद्यात स्पष्टपणे लिहिली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ती कायम आहे. शब्द, हावभाव किंवा अन्य प्रकारे दिलेली, निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची तयारी म्हणजे संमती. आणि तीही त्या विशिष्ट कृतीपुरती. शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असे मानता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा ग्राह्य धरत नाही.

‘विशिष्ट कृतीपुरती’ हे शब्द प्रेमसंबंधांत फार महत्त्वाचे आहेत. चित्रपटाला सोबत जाणे हा पुढच्या जवळिकीला होकार नव्हे. काल दिलेला होकार आज लागू होत नाही. संहितेच्या कलम ७७ नुसार, खासगी छायाचित्र काढू देणारी स्त्री ते इतरांना पाठविण्याची परवानगी देत नसेल, तर ते पाठविणे हा गुन्हा आहे.

तरीही धूसर जागा उरतात. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात आरोपीला संशयाचा फायदा देताना, परिचित व्यक्तींमध्ये ‘क्षीण नकार’ कधी होकारही असू शकतो, अशा आशयाचे मत नोंदविले आणि त्यावर तीव्र टीका झाली. पाळण्याचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवल्यास कलम ६९ अन्वये दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मात्र मुळातच खोटे असलेले वचन आणि नंतर मोडलेले वचन यांत फरक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले होते. दुसरीकडे, अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेल्या बळजबरीला बलात्कार न मानण्याचा जुना अपवाद नव्या संहितेतही ठेवण्यात आला.

या अपवादातच नोंदणीच्या चर्चेतील धोका दिसतो. विवाहाच्या बाबतीत एकदा झालेल्या बंधनाला कायमची संमती समजण्याची चूक कायद्याने केली आहे. ‘लिव्ह-इन’ जोडीदारांना हा अपवाद लागू होत नाही. पण प्राधिकरणापुढे केलेला करार उद्या घरात ‘तू सही केली होतीस’ असा युक्तिवाद म्हणून वापरला जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागेल.

बोलण्याला पर्याय नाही

कायदा प्रामुख्याने घटना घडून गेल्यानंतर येतो. त्याआधीचे काम दोन व्यक्तींना आपसातच करावे लागते. काय चालेल आणि काय नाही, फोन कोणी पाहावा, छायाचित्रे ठेवावीत की नाही, एकटे राहण्याची वेळ हवी का, हे प्रश्न मोकळेपणी विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. नकार ऐकल्यावर कारण न मागता थांबणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती प्रामुख्याने मुलग्यांना शिकवावी लागेल, कारण नकार म्हणजे लाजणे, असेच आपले चित्रपट त्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

‘लिव्ह-इन’ नात्यांसाठी राज्ये कायदे करणार असतील, तर निर्वाह आणि मुलांच्या तरतुदींबरोबर एक वाक्य त्यात स्पष्टपणे असावे: ही नोंदणी कोणत्याही शारीरिक संबंधाला दिलेली संमती मानली जाणार नाही.