दारी आलेला अधिकारी आणि आई-बापांचे हक्क

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या परिसरात मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. आई-बाप पहाटे फडात जातात आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी आठ-दहा वर्षांचे लेकरू मागे राहते. अशा कोपीच्या, किंवा गावातील एखाद्या गरीब घराच्या दारात बालसंरक्षण कक्षाचा कर्मचारी वही घेऊन उभा राहिला, तर आईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकच : ‘हे माझे मूल घेऊन जाणार काय?’ ही भीती कितपत खरी आहे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

भीतीतून काय घडू शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. दुसऱ्या बाजूस, सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिन येथे एका भारतीय दांपत्याची सात महिन्यांची मुलगी तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. आई-बापांवरील फौजदारी तपास २०२२ मध्ये बंद झाला, तरीही जून २०२३ मध्ये न्यायालयाने मुलीचा ताबा त्या खात्याकडेच दिला. अशा बातम्या ऐकून आपल्याकडेही तसेच घडेल असे अनेकांस वाटते.

आपला कायदा मात्र वेगळ्या पायावर उभा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या तिसऱ्या कलमातच मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे, अशी तत्त्वे घातली आहेत. घरी येणारा सामाजिक कार्यकर्ता हा न्यायाधीश नव्हे. त्याचे काम पाहणे, विचारणे आणि अहवाल लिहिणे एवढेच. निर्णय बालकल्याण समितीचा असतो. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीत किमान एक महिला असावी लागते.

यातूनच आई-बापांचे हक्क निघतात. आलेल्या व्यक्तीचे नाव, हुद्दा व ओळखपत्र विचारावे. येण्याचे कारण विचारावे. न वाचता, न समजता कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये. मूल स्वखुशीने सोपविण्याचा लेख करून दिला असेल, तरी फेरविचारासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत दिली आहे. मूल नेलेच, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ते समितीपुढे हजर केले गेले पाहिजे. समितीपुढे आपले म्हणणे मांडण्याचा पालकांना हक्क आहे. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते आणि समितीच्या कामाविषयीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. शेजाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की अशा मुलाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे.

परंतु हक्क हे ढाल आहेत, पडदा नव्हेत. ज्या घरात मुलाला मारहाण होते, ज्या घरात अल्पवयीन मुलीचे लग्न ठरते, त्या घराने ‘हा आमचा घरगुती मामला’ असे म्हणून दार लावून घेणे आम्हांस मान्य नाही, कायद्यासही नाही. अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह लावणारे आई-बाप स्वतः आरोपी ठरतात. मूल ही पालकांची मालमत्ता नव्हे.

खरी अडचण आम्हांस अन्यत्र दिसते. समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि नेसरीहून कोल्हापूरला जाणे म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी बुडणे. जो आई-बाप तारखेस पोहोचत नाही, त्याचे म्हणणे अहवालात येत नाही, आणि गैरहजेरी ही बेपर्वाई समजली जाते. गरिबी हा गुन्हा नाही. दारिद्र्य हे एकमेव कारण दाखवून मूल कुटुंबापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. राज्याची बालसंगोपन योजना याचसाठी आहे. पालक गमावलेल्या वा अडचणीतील मुलाला संस्थेऐवजी कुटुंबातच वाढता यावे म्हणून मिळणारे साहाय्य २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आले.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर न राहता बसावी, ऊसतोड वस्त्यांतही तिने फिरावे. गावातील शिकलेल्या माणसाने घाबरलेल्या आईसोबत कोल्हापूरपर्यंत जावे, आणि तिला आलेला कागद वाचून दाखवावा. दारात आलेल्या माणसाला ती न भिता ‘आपण कोण आणि कशासाठी आलात?’ असे विचारू शकली, आणि त्यालाही तिच्या मुलाची खरी स्थिती मोकळेपणाने पाहता आली, तर कायद्याचा हेतू सफल झाला असे आम्ही म्हणू.